जुन्या गाड्यांचा ताफा घेऊन पुणे ते कन्याकुमारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पद्मिनी, अँबेसेडर, हेराल्ड, विलीज जीप, कॉन्टेसा, पहिल्या काही वर्षांतली मारुती ८००. अशा गाड्या जपणारी चार-सहा घरं एकत्र लांब जायचं ठरवतात, तेव्हा तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. त्यांची उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवावीत असं बरेच दिवस मनात होतं. उदाहरणासाठी आम्ही केलेला रस्ताच घेतला आहे : पुणे, कोल्हापूर, हुबळी, चित्रदुर्ग, होसूर, दिंडीगल, कन्याकुमारी. साधारण १,५०० किलोमीटर. बंगळुरूपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि पुढे ४४. तुम्ही दुसरीकडे जाणार असाल तरी बहुतेक गोष्टी लागू पडतील.

माझ्या गाडीला एवढा पल्ला झेपेल का?

बहुतेक वेळा झेपतो. पद्मिनीचं १,०८९ सीसीचं किंवा अँबेसेडरचं १,४८९ सीसीचं इंजिन दिवसभर एका लयीत चालायला कुरकुरत नाही. आपल्या आईवडिलांनी याच गाड्यांच्या कॅरिअरवर होल्डॉल बांधून तिरुपती केलं, कोकण केलं. ते काही विशेष धाडस समजलं जात नव्हतं.

गाडी दमते ती वयाने नव्हे, उभी राहून. महिनोन्महिने शेडमध्ये असलेल्या गाडीचे रबरी होज कडक होतात, ब्रेकच्या व्हील सिलिंडरमध्ये गंज धरतो, टाकीच्या तळाशी गाळ बसतो, टायर एकाच जागी चपटतात. म्हणून 'माझी गाडी उत्तम आहे, परवाच स्टार्ट केली होती' हे उत्तर मी धरत नाही. निघण्याआधीच्या दोन महिन्यांत तीन फेऱ्या करा. पहिली ५० किलोमीटरची, घराजवळच. दुसरी १५० किलोमीटरची, न थांबता निदान दोन तास. तिसरी अख्ख्या दिवसाची आणि घाटाची. पुणेकरांसाठी वाईवरून पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर आणि परत, ही उत्तम परीक्षा. सगळी माणसं आणि सगळं सामान भरून जा. रिकाम्या गाडीने घेतलेली चाचणी खरं सांगत नाही.

तिसऱ्या फेरीनंतर जे काही गळतंय, खडखडतंय, तापतंय ते दुरुस्त करा आणि मग पुन्हा एक फेरी मारा. निघायच्या आदल्या आठवड्यात मोठं काम काढू नका. नुकतं उघडून बसवलेलं इंजिन किंवा गिअरबॉक्स घेऊन लांबच्या वाटेला लागणं मला मान्य नाही.

किती गाड्या असाव्यात?

चार ते सहा. पेट्रोल पंपावर एका गाडीला पाच मिनिटं लागतात, तर दहा गाड्यांना पाऊण तास. चहाला, जेवणाला, टोलला हाच हिशोब. सहाच्या वर गाड्या झाल्या तर दोन गट करा, अर्ध्या तासाच्या अंतराने निघा आणि मुक्कामाला भेटा.

शक्य असेल तर एकाच मॉडेलच्या निदान दोन गाड्या ताफ्यात असू द्या. स्पेअरची पेटी निम्मी होते. शिवाय एका पद्मिनीत काय बिघडलंय हे कळत नसेल तर शेजारी उभ्या दुसऱ्या पद्मिनीशी ताडून बघता येतं.

कोणत्या महिन्यात निघावं?

जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. दिवाळीनंतर लगेच निघावंसं वाटतं, पण तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ. जुन्या वायपरवर आणि ड्रम ब्रेकवर त्या पावसात जायचं कशाला? जानेवारीच्या मध्यात पोंगल असतो. त्या दिवसांत बंगळुरूहून दक्षिणेकडे जाणारा रस्ता गर्दीने भरतो. तो सण होऊ द्या. मार्चपासून ऊन वाढतं आणि गाडी तापण्याच्या तक्रारी सुरू होतात.

दिवसाला किती किलोमीटर धरावेत? मुक्काम कुठे?

सरासरी अडीचशे. आधुनिक गाडीने पुणे ते बंगळुरू लोक एका दिवसात करतात, तो हिशोब डोक्यातून काढून टाका.

पहिला दिवस मुद्दाम छोटा ठेवा : पुणे ते कोल्हापूर, सुमारे २३० किलोमीटर. जे बिघडायचं ते बऱ्याचदा पहिल्याच दिवशी बिघडतं, आणि बिघडलं तर कोल्हापूरसारखं गाव नाही. उद्यमनगरात लेथवाले, वेल्डिंगवाले, फाउंड्रीवाले शेजारी शेजारी आहेत. बाजारात न मिळणारा बुश किंवा पिन तिथे कारागीर समोर करून देतो. आपली भाषा आहे, आणि संध्याकाळी पोटभर जेवण आहे.

दुसऱ्या दिवशी निपाणी, बेळगाव, कित्तूरवरून हुबळी, साधारण २०५ किलोमीटर. तिसऱ्या दिवशी हावेरी, राणेबेन्नूर, दावणगेरेवरून चित्रदुर्ग, तेवढंच अंतर. चौथा दिवस चित्रदुर्गातच राहा. हा दिवस वाचवायचा मोह प्रत्येक ताफ्यात कुणाला तरी होतो. वाचवू नका. सकाळी किल्ला बघा. ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर एकात एक तटबंद्या असलेला हा किल्ला घाईने बघायचा नाहीच. दुपारी गाड्यांना ग्रीस मारा, तेल-पाणी बघा, नट आवळा.

पाचव्या दिवशी चित्रदुर्ग ते होसूर, २४० किलोमीटर. बंगळुरू शहरात शिरू नका. तुमकूर रस्त्यावरून शहराला वळसा घालणारा नाइस रोड धरला की थेट होसूर रस्त्याला लागता. त्याचा टोल वेगळा आहे, पण तासभर क्लच दाबून उभं राहण्यापेक्षा तो परवडतो. सहाव्या दिवशी कृष्णगिरी, धर्मपुरी, सेलम करत दिंडीगल, सुमारे ३३५. सातव्या दिवशी मदुराई, तिरुनेलवेलीवरून कन्याकुमारी, सुमारे ३१०. शेवटचे दोन दिवस लांब आहेत, पण तोवर गाड्या आणि माणसं दोन्ही रुळलेली असतात.

रोज पहाटे निघा आणि उजेड असताना मुक्कामाला पोचा. रात्री चालवायचं नाही, हा नियम आम्ही मोडत नाही. जुन्या गाडीचा पिवळा दिवा आणि समोरून येणारे पांढरेशुभ्र एलईडी यांची बरोबरी होत नाही.

ताफ्यात पुढे कोण, मागे कोण?

सगळ्यात संथ गाडी पुढे. ताफा तिच्या वेगाने जाणार, हे निघण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसून कबूल करायचं. सगळ्यात जाणता, हत्यारं जवळ असलेला माणूस सगळ्यात मागे, कारण बंद पडलेली गाडी त्यालाच आधी दिसते.

दुसरा नियम असा, की प्रत्येक चालकाने आरशात मागची गाडी धरून ठेवायची. ती दिसेनाशी झाली की आपण वेग कमी करायचा. वळण किंवा फाटा आला तर ती दिसेपर्यंत तिथेच थांबायचं. प्रत्येकाने एवढं केलं तर सगळा ताफा आपोआप बांधलेला राहतो, कुणाला पुढे-मागे धावावं लागत नाही. फोनवरचं लाइव्ह लोकेशन जरूर चालू ठेवा, पण त्याच्या भरवशावर हा नियम सोडू नका. रेंज जाते, बॅटरी उतरते.

गाड्या एकमेकींना चिकटून चालवू नका. मधे एखादा ट्रक सहज येऊ शकेल एवढी जागा राहू द्या. आपल्या गाड्यांना थांबायला जास्त अंतर लागतं.

वेग किती ठेवावा?

ताशी ६० ते ७०. डाव्या लेनमध्ये. ट्रक ओव्हरटेक करतील, करू द्या. मागून येणाऱ्याला आपण संथ आहोत हे कळलं पाहिजे, म्हणून मागच्या बंपरवर लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा आणि मागच्या दिव्यांत जास्त उजेडाचे बल्ब टाका. गाडीचं मूळ रूप बिघडतं म्हणून काही जण नाराज होतात. मला गाडीच्या रूपाइतकीच तिच्यातली माणसंही प्यारी आहेत.

घाट कसे उतरायचे?

या वाटेवर खंबाटकी आहे, निपाणीच्या पुढे तवंदी घाट आहे, पण ज्याची खरी काळजी करावी तो धर्मपुरी आणि सेलमच्या मधला तोप्पूर घाट. दक्षिणेकडे जाताना तो उतार आहे. लांब, सरळ वाटणारा, फसवा उतार. अवजड ट्रकांच्या अपघातांसाठी तो कुप्रसिद्ध आहे.

चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत पाय सतत पेडलवर ठेवला की ड्रम तापतो, फुगतो, लायनिंगची पकड जाते. पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. यालाच फेड म्हणतात. त्यात जुन्या गाड्यांना ब्रेकचं एकच सर्किट असतं. एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले.

म्हणून उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या. जुने ड्रायव्हर सांगायचे तसं : ज्या गिअरवर चढलो असतो, त्याच गिअरवर उतरायचं. ब्रेक मारायचा तो ठामपणे, थोडा वेळ, आणि मग पूर्ण सोडायचा. दोन गाड्यांत नेहमीच्या दुप्पट अंतर. न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवायचा विचारही नको.

आणि ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. निघण्याआधी सगळं जुनं ऑइल काढून नवं भरा, व्हील सिलिंडरची किट बदला, ब्रेकचे सगळे रबरी होज हाताने वाकवून बघा. चीर दिसली की बदला. या कामात काटकसर करणाऱ्या गाडीला मी ताफ्यात घेत नाही, मग ती कितीही जवळच्या मित्राची असो.

दुपारी गाडी अचानक बंद पडते आणि अर्ध्या तासाने चालू होते. काय असेल?

बहुधा व्हेपर लॉक. इंजिनला चिकटलेला मेकॅनिकल फ्युएल पंप किंवा त्याची नळी एवढी तापते की पेट्रोलची आतच वाफ होते. पंप वाफ ढकलू शकत नाही, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर कोरडा पडतो. घाट चढून आल्यावर गाडी बंद करून चहाला थांबलात की हे हमखास होतं. त्यामुळे चढ संपल्यावर लगेच इंजिन बंद न करता दोन-तीन मिनिटं आयडलवर राहू द्या.

झालंच तर बॉनेट उघडा, पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवा, वाट बघा. मात्र गरम एक्झॉस्टजवळ पाणी शिंपडू नका. दरवर्षी तोच त्रास असेल तर पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर वळवून घ्या आणि मधे उष्णता अडवणारा पत्रा लावा.

गाडी खरंच तापत असेल, म्हणजे काटा वर जात असेल, तर ती वेगळी गोष्ट. रेडिएटरच्या नळ्या आतून क्षाराने भरलेल्या असतात. वरून पाणी ओतून ते जात नाही. रेडिएटर काढून साफ करून घ्यावा लागतो. गरम रेडिएटरचं झाकण कुणीही, कधीही उघडायचं नाही. मुलांनाही हे आधीच सांगून ठेवा.

हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलचं काय करायचं?

आता पंपावर बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉल असलेलंच पेट्रोल मिळतं. आपल्या गाड्या बनल्या तेव्हा असं इंधन कुणी गृहीत धरलं नव्हतं. त्याने तीन गोष्टी होतात. जुनं रबर फुगतं किंवा मऊ पडतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे टाकी आणि कार्ब्युरेटर गंजतात. आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्याच जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र) हवा जास्त नि इंधन कमी पडतं, गाडी जास्त तापते आणि खेचत नाही.

उपाय अवघड नाहीत. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी होज इथेनॉल सोसणारे घ्या. पंपाचा डायफ्रामही तसाच. मेन जेट एक नंबर मोठा लागेल का ते जाणत्या मेकॅनिककडून स्पार्क प्लगचा रंग बघून ठरवा : तांबूस-तपकिरी असेल तर ठीक, पांढरट असेल तर मिश्रण पातळ आहे. टाकीनंतर पारदर्शक फिल्टर लावा आणि दोन जास्तीचे जवळ ठेवा, कारण इथेनॉल टाकीतला जुना मळ सोडवून पुढे पाठवतं. पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये फिल्टर लालसर दिसला तर घाबरू नका, बदला. प्रवासात रोज ताजं पेट्रोल भरलं जातं, म्हणून त्रास कमी होतो. खरं नुकसान होतं ते परत आल्यावर अर्धी टाकी तशीच महिनोन्महिने ठेवली तर.

पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्ह सीटची झीज रोखायचं, पण आपल्याकडे शिसंविरहित पेट्रोल २००० सालापासून सर्वत्र आहे. त्याआधीच्या ज्या इंजिनांचे व्हॉल्व्ह सीट कधी बदललेले नाहीत, त्यांच्या व्हॉल्व्हचं क्लिअरन्स निघण्याआधी आणि चित्रदुर्गला तपासा.

सोबत कोणते स्पेअर पार्ट घ्यावेत?

सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट, त्यावरची ठिणगी दाबणारा कंडेन्सर, रोटर, डिस्ट्रिब्युटर कॅप, कॉइल, प्लग, फॅन बेल्ट दोन, पाण्याचे वरचे-खालचे होज, पंपाची किट, कार्ब्युरेटरची गास्केटं आणि फ्लोट नीडल, व्हील सिलिंडरच्या किट, डायनॅमोचे ब्रश, ॲक्सिलरेटर केबल, बल्ब, फ्यूज, एक हेड गास्केट. २०-डब्ल्यू-५० इंजिन ऑइल पाच लिटर, ब्रेक ऑइल, ग्रीस गन. एम-सील, इन्सुलेशन टेप, बाइंडिंग वायर, जुन्या ट्यूबचे तुकडे. दहा लिटर पाणी, ते फक्त गाडीसाठी.

टायरचे माप विसरू नका. पद्मिनीचं मूळ माप ५.२०-१४, अँबेसेडरचं ५.९०-१५. ही मापं हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे नसतात. त्यामुळे स्टेपनी धडधाकट हवी आणि निदान दोन नव्या ट्यूब हव्यात. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही चांगली दिसली तरी सहा वर्षांपेक्षा जुना टायर लांबच्या प्रवासाला नको.

कंडेन्सरबद्दल वेगळं सांगायला हवं. हावेरीच्या पुढे आमची पद्मिनी धक्के देत बंद पडली. आदल्याच महिन्यात कंडेन्सर नवा बसवला होता, म्हणून आम्ही तो सोडून बाकी सगळं तपासत बसलो. पेट्रोल, पंप, कॉइल. सव्वा तास गेला. रस्त्याकडेच्या गॅरेजमधले एक वयस्कर मेकॅनिक आले, पॉइंट उघडताना पडणारी जाड निळी ठिणगी बघितली आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, कंडेन्सर. त्यांच्या डब्यात एक जुना, तेलकट कंडेन्सर होता. तो लावला आणि गाडी कन्याकुमारीपर्यंत गेली. पैसे विचारले तर फक्त चहा घेतला. मी त्यांना अण्णा म्हणत होतो, ते मला काका. तेव्हापासून मी कोरा कंडेन्सर पेटीत ठेवत नाही. आधी गाडीवर लावून शंभर-दीडशे किलोमीटर चालवतो, मग काढून 'चाललेला' असं लिहून ठेवतो. पॉइंट आणि रोटरचंही तसंच.

पुण्यात हे भाग नाना पेठेत शोधावे. आधी जुना भाग हातात घेऊन जा. नुसत्या नावावर मिळालेला भाग बसेलच असं नाही.

बॅटरी उतरली तर दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट देता येईल का?

आधी बघा, कोणतं टोक बॉडीला जोडलंय. इंग्रजी बनावटीच्या काही जुन्या गाड्यांत धन टोक बॉडीला असतं, आणि काही फार जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या असतात. चुकीची जोडणी झाली तर नुकसान दोन्ही गाड्यांचं. ताफ्यातल्या प्रत्येक गाडीच्या बॅटरीजवळ 'ऋण अर्थ' किंवा 'धन अर्थ' आणि व्होल्टेज अशी चिठ्ठी चिकटवा. शक्य तिथे ढकलस्टार्टच बरा.

कागदपत्रांचं काय?

आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स. यातलं काही संपत आलं असेल तर आधी नूतनीकरण करा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा करावी लागते.

गोंधळ होतो तो व्हिंटेज नोंदणीबद्दल. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाडीला 'व्हीए' मालिकेतला क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कारणांसाठीच परवानगी आहे. त्यामुळे तुमची गाडी 'व्हीए' असेल तर कौटुंबिक सहलीला काढण्याआधी आरटीओत लेखी विचारून घ्या. साध्या नोंदणीवर असलेल्या, वेळेवर नूतनीकरण केलेल्या गाडीला ही अट नाही. १९८५ ची पद्मिनी आपल्याला कितीही जुनी वाटली तरी या नियमात अजून बसत नाही.

विम्याच्या रस्त्यावरच्या मदतीत तुमच्या गाडीचं वय बसतं का ते पॉलिसीत वाचा. फास्टॅग लावाच.

सोबत आधुनिक गाडी घ्यावी का?

हो. एखादी बोलेरोसारखी गाडी, तिच्यात जड सामान, स्पेअर आणि टो करायचा लोखंडी बार. दोरखंडाने ओढणं फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत आणि सपाट रस्त्यावर. घाटात दोरखंड नको. तिथे फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रक, मागवा.

म्हातारी माणसं आणि मुलं असतील तर?

घ्या की. आजी-आजोबांना या गाड्यांची सवय आपल्यापेक्षा जास्त आहे. दर दीड तासाला थांबा. जुन्या गाडीत मूळचे सीटबेल्ट नसतात. भक्कम प्लेट लावून ते बसवून घ्या, निदान पुढे. मूल पुढच्या सीटवर मांडीत बसवू नका, पूर्वी बसवत असले तरी.

खर्च कसा धरावा?

पद्मिनीला हायवेवर लिटरला बारा किलोमीटर धरले तर एका बाजूला सव्वाशे लिटर. पेट्रोलला लागेल तेवढ्याच रकमेची समाईक पेटी ठेवा, दुरुस्तीसाठी. कुणाचीही गाडी बिघडली तरी खर्च पेटीतून होईल असं आधीच ठरवा. आपल्यामुळे सगळे खोळंबले, हे ओझं एकट्या माणसावर पडता कामा नये.

शेवटच्या टप्प्यात काही विशेष?

कन्याकुमारीच्या आधी, आरलवायमोळीच्या खिंडीजवळ जोराचा आडवा वारा असतो. पवनचक्क्यांचं रान दिसायला लागलं की समजा. हलक्या गाड्यांचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा, कॅरिअरवरची ताडपत्री पुन्हा बांधून घ्या.

पोचल्यावर त्या दिवशी गाड्यांना हात लावू नका. दुसऱ्या सकाळी बोटीने विवेकानंद शिलास्मारकावर जा. ते १९७० साली उभं राहिलं, आणि ते उभं करणारे एकनाथजी रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातले. परत आल्यावर चाकांचे नट आवळा, ड्रमच्या मागे तेल गळतंय का बघा, इंजिन ऑइलची पातळी तपासा.

परत कसं यायचं?

आलो त्याच वाटेने. केरळमधून किनाऱ्याने राष्ट्रीय महामार्ग ६६ धरायचा मोह होतो, तो थेट पनवेलपर्यंत येतो. पण केरळात गावं संपतच नाहीत, सतत क्लच आणि ब्रेक. त्या वाटेला दहा-बारा दिवस हातात असतील तरच जा. ज्यांना रजा नाही त्यांनी गाडी कार कॅरिअरवर चढवून द्यावी. चढवताना टाकीत थोडंच पेट्रोल ठेवा, बॅटरीचं एक टोक काढा आणि गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.